अर्धा स्पंज

फोन आला तेव्हा ऑपरेटरच्या हातात काचेची नळी होती. जलशुद्धीकरण केंद्रात दर दोन तासांनी पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. रंग पिवळा आला की पाण्यात क्लोरीन आहे, शहराला पाणी सोडायला हरकत नाही. नळी पिवळी झाली आणि फोनवरच्या बाईने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"नवरा."

बाई म्हणाली की त्या बसथांब्यावर खाली पडल्या, लोकांनी उचलून दवाखान्यात आणलं, पण आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

ऑपरेटरने नळी स्टँडमध्ये ठेवली, तक्त्यात आकडा लिहिला, सही केली आणि मग निघाला. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या सहीची लाज वाटत राहिली. बायको गेल्याचं कळल्यावर कोणी आकडा लिहितं का?

दवाखान्यात त्याच्या हातात तिची पिशवी दिली. चष्मा, चपला, बसचं तिकीट, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार पाणवनस्पती. त्या आणायलाच ती गेली होती.

माशांची काचेची टाकी तिने तीन आठवड्यांपूर्वी मांडली होती. पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांब, भिंतीला लावून. तळाला काळी वाळू, एक वाकडं लाकूड, लाकडाला दोऱ्याने बांधलेली जाड पानांची दोन झाडं, मागे लांब पट्ट्यांसारखं गवत, आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. मासा मात्र एकही नाही. मासे नसलेल्या टाकीत ती रोज सकाळी चिमूटभर माशांचं खाणं टाकायची.

"अगं, पंगत वाढलीस, पण पाहुणे कुठायत?" तो विचारायचा.

"आहेत. तुम्हाला दिसत नाहीत म्हणून काय झालं?"

"किती आहेत?"

"मोजून सांगते हं संध्याकाळी. आधी तो डबा भरा."

नळाचं पाणी ती एक दिवस बादलीत उघडं ठेवायची आणि मगच टाकीत घालायची. यावरून मात्र त्यांचं खरंखुरं वाजायचं. तो म्हणायचा, अख्खं शहर माझं पाणी पितं, आजवर एक तक्रार नाही, आणि माझ्याच घरात माझ्या पाण्याला शिक्षा म्हणून बादलीत उभं करतेस? ती म्हणायची, "अहो, तुमचं पाणी चांगलंच आहे. जरा जास्तच चांगलं आहे." आणि हसायची. त्याला ते कळलं नाही, आणि विचारायचंही सुचलं नाही. ती निळ्या वहीत रोज काहीतरी लिहायची, तेही त्याने कधी वाचलं नाही. बायकोची वही, आपण कशाला बघायची.

मुलगी आली. ती दूरच्या शहरात नोकरी करते, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. आठ दिवस राहिली. माणसं येत होती, बसत होती, जात होती. पाणवनस्पतींची पुडी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तशीच पडून होती. चौथ्या दिवशी मेहुणी ती कचऱ्यात टाकायला निघाली तेव्हा ऑपरेटर इतक्या जोरात "नको!" म्हणाला की बाहेर बसलेले लोक गप्प झाले. पानं अर्धी काळी पडली होती. त्याने ती तशीच टाकीच्या वाळूत खोचली. दोन वर तरंगून आली. त्याने पुन्हा खोचली.

जायच्या दिवशी चिमणी टाकीसमोर बराच वेळ उभी होती.

"बाबा, आईने मला यातला अर्धा स्पंज द्यायचं कबूल केलंय. मी पण टाकी मांडलीये तिकडे. रिकामीच आहे अजून."

"स्पंज तर बाजारात मिळतो की."

"तसा नाही. हा वाला. यात आईने ते... जिवाणू वाढवलेत ना. पाणी सांभाळणारे. हा कापून माझ्या फिल्टरला लावला की तेच तिकडे वाढतात. दह्याच्या विरजणासारखं." तिने काचेला बोट लावलं. "तेवढं तरी आईचं राहील माझ्याकडे. जिवंत असं."

"राहील," तो म्हणाला. "मी बघतो."

"मासे आले, नीट राहिले, की महिन्याभराने येते मी न्यायला. बघाल ना नक्की?"

"पाण्याचं मला शिकवतेस होय गं?" तो म्हणाला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा दोघं जरासं हसली.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरट दिसायला लागलं. ती अर्धी सडलेली पानं वाळूत खोचल्याचा तो परिणाम होता, पण हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की बायकोची टाकी गढूळ झाली. गढूळ पाणी म्हणजे ऑपरेटरच्या जन्माचा वैरी. घरात रडायला कोणी नव्हतं, बोलायला कोणी नव्हतं, पण हे एक काम समोर होतं आणि ते त्याला येत होतं. त्याने बाह्या सारल्या.

अर्धंअधिक पाणी काढलं. वाळू ढवळून धुतली. काचा घासल्या. स्पंज बाहेर काढला तर तो तपकिरी, बुळबुळीत झालेला. त्याला वाईट वाटलं, हिला आजारपण होतं की काय, स्पंज धुवायलाही जमलं नाही बिचारीला. चिमणीला असा घाण स्पंज कसा द्यायचा, एवढंच त्याच्या डोक्यात आलं; ही बुळबुळीत घाण म्हणजेच ते जिवाणू, हे आलं नाही. केंद्रावर पिण्याच्या पाण्याच्या टाक्या धुवायला जे वापरतात तेच त्याने वापरलं. बादलीत ब्लिचिंग पावडर कालवली, स्पंज त्यात तासभर बुडवला, मग नळाखाली पिळून पिळून पांढरा होईपर्यंत धुतला. झाडांची पानंही त्याच पाण्यातून काढली. टाकी नळीने थेट नळाला लावून भरली.

संध्याकाळी पाणी असं स्वच्छ दिसत होतं की टाकीत पाणी आहे हेच कळू नये. तो खुर्ची ओढून समोर बसला. बायको गेल्यापासून त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याला भूक लागली.

निळ्या वहीची आधीची पानं उघडायची त्याची हिंमत नव्हती. तिचं अक्षर दिसलं की तो वही मिटायचा. त्याने फक्त शेवटचं पान बघितलं. तिथे पुढची एक तारीख घालून लिहिलं होतं, "सहा झेब्रा आणायचे. मासे चिवट आहेत, पहिल्या वेळेला बरे." तारीख पाच दिवसांवर होती. ऑपरेटरने ती पाळायचं ठरवलं. तिने ठरवलेली तारीख चुकवायची नाही.

त्या तारखेला तो दुकानात गेला. दुकानदाराला गल्लीत सगळे टाकीवाला म्हणत. मासेवाला म्हटलं तर तो चिडायचा, "लोक येऊन विचारतात, साफ करून देता का म्हणून." ऑपरेटरला बघून तो काउंटरमागून बाहेर आला.

"वहिनींचं कळलं. त्या दिवशी इथूनच झाडं घेऊन गेल्या हो. मला म्हणाल्या, आता दोन आठवडे, मग मासे. फार व्यवस्थित काम त्यांचं. मी एवढी वर्षं धंदा करतो, पण लोकांना धीर नसतो. त्यांना होता."

ऑपरेटरने मान हलवली.

"सहा झेब्रा ना? देतो. पाणी तपासलंत का? अमोनिया, नायट्राइट?"

आणि इथे ऑपरेटरचा जुना ताठा जागा झाला. "एकतीस वर्षं शहराला पाणी पाजतोय मी. क्लोरीन शून्य आहे, स्वतः बघितलंय. पाणी आरशासारखं आहे."

"नाही, तुम्हाला कोण शिकवणार," टाकीवाला ओशाळून म्हणाला आणि त्याने जाळी हातात घेतली.

झेब्रा म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे, अंगावर निळ्या-चंदेरी रेघा असलेले चपळ मासे. एका जागी थांबणं त्यांना ठाऊक नाही. पहिले तीन दिवस सहाही जण टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावत होते. ऑपरेटरने फोनवर चिमणीला दाखवलं. ती रडली, पण चांगलं रडली. तो येता-जाता त्यांना खाणं टाकायचा. त्यांनी खाल्लं की त्याला बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी सहाही मासे पाण्याच्या वरच्या कडेला आले होते आणि तोंडं उघडी टाकून हवा ओढत होते. शर्यत बंद. कल्ले लालभडक. एकाच्या रेघा फिक्या पडल्या होत्या.

ऑपरेटरने टाकीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनींकडे थेंबांची पेटी असेल, अमोनियाची बाटली घ्या, नळीत पाणी घ्या, थेंब टाका, रंग सांगा. पिवळा आला तर बरं.

हे तर त्याचं रोजचंच काम. नळी, थेंब, रंग. हात सवयीने चालले. पण पिवळा आला नाही. हिरवा आला. गडद हिरवा.

"हिरवा," तो म्हणाला.

"असं कसं होईल? वहिनींची टाकी तर तयार होत आलेली. मधे काही केलंत का तुम्ही? स्पंज धुतलात?"

"धुतला."

"टाकीच्याच पाण्यात ना?"

ऑपरेटरने नळी खाली ठेवली.

"नळाखाली?"

"ब्लिचिंगमध्ये."

मग टाकीवाला हळू आवाजात म्हणाला, "अहो, माशाच्या घाणीचं विष होतं, तोच अमोनिया. ते विष खाणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. त्यांना यायला महिना-दीड महिना लागतो. वहिनी त्यासाठीच रोज चिमूटभर खाणं टाकत होत्या. त्यांना पोसत होत्या."

"मेले का ते सगळे?"

"क्लोरीन कशासाठी असतं, तुम्हीच सांगा."

पुढे त्याने उपाय सांगितला. खाणं पूर्ण बंद. रोज निम्मं पाणी बदलायचं, तेही बादलीत दिवसभर मुरवलेलं. "एरवी मी माझा जुना स्पंज दिला असता. पण तुम्ही मासे नेलेत त्याच्यानंतर माझ्या टाक्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घुसलाय. माझं काही घालू नका. आणि काका, झेब्रा चिवट असतात. धीर धरा."

फोन ठेवल्यावर ऑपरेटरने निळी वही पहिल्या पानापासून उघडली. आता हिंमत करायची वेळ निघून गेलीच होती. रोजची तारीख, रोजचे तीन आकडे. अमोनिया चढत गेलेला, मग उतरायला लागलेला. मधेमधे तिचं काहीतरी. "आज पहिल्यांदा खाली आला! कोणाला सांगू?" एका पानावर ठळक लिहिलं होतं, "स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका पिळणे. नळाखाली कधीही नाही." आणि खाली, कंसात, बारीक अक्षरात, "ह्यांच्या हाती देऊ नये. स्वच्छ करून टाकतील."

तो जमिनीवर बसला. बसथांब्यावरून तिला उचलताना तो तिथे नव्हता, त्यात त्याचा काही दोष नव्हता, असं सगळे म्हणत होते आणि त्यालाही पटत होतं. पण मरण्याआधी तिने जे जिवंत ठेवलं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने, बाह्या सारून, पिळून पिळून मारलं होतं. वर त्या संध्याकाळी पोटभर जेवला होता. हे तो कोणाला सांगणार होता?

फोन वाजला. चिमणी.

"बाबा, मासे कसे आहेत?"

"छान आहेत."

"आणि स्पंज?"

"आहे," तो म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. स्पंज होताच.

घरातल्या सगळ्या बादल्या, टब, मोठं पातेलं, कुकरसुद्धा त्याने पाण्याने भरून ठेवला. पहिल्या पाळीला जायच्या आधी निम्मं पाणी काढायचा, मुरवलेलं घालायचा, थेंब टाकायचा. हिरवा. घरी आला की पुन्हा तेच. फिकट हिरवा, सकाळी परत गडद. सातव्या दिवशी एक मासा लाकडाखाली आडवा सापडला. नवव्या दिवशी दुसरा. तिसरा दहाव्या दिवशी, आणि तो मेलेला नव्हता. कल्ला हलत होता. ऑपरेटर त्याच्यासमोर बसून राहिला, हात पाण्यात घालून, त्याला वर धरून. ड्यूटी चुकली. एकतीस वर्षांत न कळवता त्याने ड्यूटी कधी चुकवली नव्हती. हातातच तो मासा थांबला.

उरले तीन.

दुसऱ्या दिवशी तो केंद्रावर गेला तेव्हा जुन्या वाळूच्या बेडवर खरडणी चालू होती. केंद्रात नवे गाळणारे संच आहेत, पण मागच्या बाजूला दोन जुने बेडही आहेत. मोठे हौदच, तळाला वाळू, तिच्यातून पाणी अगदी सावकाश झिरपतं. वाळूवर तपकिरी चिकट साय धरते. ती फार जाड झाली की पाणी उतरत नाही. मग हौद रिकामा करून ती साय फावड्याने खरडून काढतात.

मुकादम कडेला उभा राहून माणसांना ओरडत होता. ऑपरेटरला बघून म्हणाला, "काय राव, तोंड असं का? काल आला नाहीत. साहेबांना वाटलं तुम्ही पण गेलात."

"किती दिवस लागतील?"

"खरडून आजच होईल. मग नेहमीसारखंच. आठ-दहा दिवस पाणी वाया सोडायचं. नव्या वाळूला परत साय धरल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. कच्ची वाळू काय कामाची? तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं. एकतीस वर्षं माहीत होतं. पाणी साफ करते ती वाळू नाही, वाळूवरची ती बुळबुळीत साय. ती जिवंत असते. ती खरडली की बेड काही दिवस निकामी. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकानाच होता, "बेड पिकायला सोडला", आणि तो रकाना भरणारा तोच होता. शहराच्या पाण्यासाठी जे तो वर्षानुवर्षं करत आला, तेच ती पुढच्या खोलीत एका स्पंजावर करत होती. क्लोरीन त्याच्या नंतर येतं. तो मात्र घरी क्लोरीन आधीच घेऊन गेला.

"दुसरा बेड चालू आहे ना?"

"चालू आहे. त्याची साय झकास आहे, अजून महिनाभर हात लावायला नको."

"मला त्यातली ओंजळभर वाळू पाहिजे. वरची."

मुकादमाने त्याच्याकडे नीट बघितलं. बायको गेलेल्या माणसाला फार प्रश्न विचारू नयेत एवढं त्याला कळत होतं. तरी राहवलं नाही. "ती घाण घेऊन काय करणार?"

"मासे जगवायचेत."

"बरं," मुकादम म्हणाला आणि स्वतः लांब दांड्याचं भांडं घेऊन कडेला वाकला. "कशात देऊ? डबा?"

ऑपरेटरच्या पिशवीत नव्या मोज्यांचा जोड होता. तिने मागच्या महिन्यात आणलेला, घालायचा राहिलेला. त्याने एक मोजा पुढे केला.

"नवा मोजा! काय हो, लग्नाला चाललीये का वाळू?" मुकादम म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. पण ऑपरेटर ओल्या वाळूने मोजा भरत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

एका कॅनमध्ये त्याच बेडचं, क्लोरीन न लागलेलं पाणी घेऊन, त्यात मोजा बुडवून, तो बसने घरी आला. उभ्याने, कॅन छातीशी धरून. मोजा स्पंजच्या शेजारी टाकीत बांधला, बुडबुडे त्याच्यावरून जातील असा. तीन मासे वरच्या कडेलाच होते. त्याने थेंब टाकले. हिरवा. वहीत लिहिला.

पुढचे दिवस तो मोजत जगला. पाणी बदलणं चालूच. चौथ्या दिवशी हिरवा फिका पडला. आठव्या दिवशी नळी पिवळी झाली, पण दुसऱ्या विषाचा, नायट्राइटचा रंग जांभळा आला, आणि टाकीवाला म्हणाला की हे व्हायचंच, म्हणजे काम सुरू झालंय, पाणी बदलत राहा. आणखी दोन आठवड्यांनी तोही उतरला. तीन मासे पुन्हा शर्यत लावायला लागले, जरा सावकाश. पांढरा केलेला स्पंज हळूहळू तपकिरी झाला. बोट लावलं तर बुळबुळीत.

टाकीवाल्याला त्याने एकदा विचारलं, "यात तिचे काही जिवाणू उरले असतील का हो? वाळूत, लाकडात?"

"असतील थोडे. नसतीलही. वेगळे कसे ओळखणार? त्यासाठी थेंब नाहीत, काका."

चिमणी ठरल्याप्रमाणे आली. आल्या आल्या टाकीसमोर गेली.

"सहा आणले होते ना?"

"तीन गेले."

"होतं असं सुरुवातीला. आई म्हणाली होती." मग तिने वाकून बघितलं. "हा मोजा कसला?"

"वाळू आहे. केंद्रावरची. मदतीला."

"तुम्ही पण ना, बाबा. घरात पण फिल्टर बेड." ती हसली. त्याला वाटलं, आत्ता. तोंड उघडलंही. पण तिने निळी वही उचलली होती, आणि आईच्या अक्षराखाली त्याच्या अक्षरातले आकडे बघून ती एकदम त्याच्या खांद्याला बिलगली. "लिहायला घेतल्यापासून एकही दिवस चुकवला नाहीत तुम्ही."

शेवटची काही पानं ती बघत होती. आधीची पानं तिने उलटली नाहीत. तिचीही हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाकीतलंच पाणी एका डब्यात घेतलं. स्पंज काढला. कात्रीने बरोबर मधून कापला. अर्धा डब्यात घातला आणि झाकण सैल लावलं, आत हवा राहावी म्हणून. चिमणीने तो डबा दोन्ही हातांनी धरला.

"आईच्या हातचं," ती म्हणाली.

"जपून ने," तो म्हणाला. "हिंदकळू देऊ नकोस."

बस सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. तिने डबा मांडीवर घेतला होता आणि त्याच्यावर ओढणी टाकली होती, ऊन लागू नये म्हणून.

परवा तिचा फोन आला. तिच्या टाकीत अमोनिया पहिल्यांदाच शून्य आलाय. पुढच्या आठवड्यात ती सहा झेब्रा आणणार आहे. इकडे वहीत ऑपरेटरने आजचे आकडे लिहिले, तीन माशांना चिमूटभर खाणं टाकलं, उद्यासाठी बादली भरून ठेवली. बाकी सगळं झालंय. चिमणीला खरं सांगायचं राहिलंय.